झिजलेल्या अक्षरांची आठवण
नॉर्वेजियन सामासिक शब्द : त्यांचे तुकडे, आघात आणि सूर

'दिवाळी' हा शब्द मुळात समास आहे, हे आता कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. 'दीप' आणि 'आवली' अशी फोड कोशात मिळते. पण 'दिवाळी आली' असे म्हणणाऱ्याच्या जिभेला मधला सांधा कुठेच लागत नाही. 'देवकुला'चे देऊळ झाले, 'राजकुला'चे राऊळ झाले, 'कुंभकार' कुंभार झाला, 'सुवर्णकार' सोनार झाला. दोन शब्द एकत्र नांदू लागले की त्यांची काही अक्षरे झिजतात, काही गळतात आणि शेवटी एकच शब्द उरतो. याउलट 'भाऊबीज' घ्या. त्यातली 'बीज' स्वतः 'द्वितीये'पासून झिजत आलेली असली, तरी भाऊ आणि बीज यांच्यामधला सांधा लहान मुलालाही दिसतो. एकाच सणात समासाच्या दोन्ही अवस्था अशा शेजारी शेजारी भेटतात.

जी अक्षरे गळतात, ती खरोखरच नाहीशी होतात का, की कुठेतरी खूण ठेवून जातात? या प्रश्नाने मला पार नॉर्वेत नेऊन सोडले. (या लेखात 'अक्षर' म्हणजे कागदावरचे चिन्ह नव्हे, एका स्वराच्या आधाराने एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा.) नॉर्वेजियन भाषेत शेकडो वर्षांपूर्वी गळून गेलेल्या अक्षरांची मोजदाद अजून शिल्लक आहे. ती लेखनात नाही, बोलणाऱ्याच्या सुरात आहे. कागदाने जे टिपले नाही ते जिभेने जपले, अशी ही हकीकत आहे.

भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. अभ्यास रात्रीचा आणि सुट्टीचा. नॉर्वेजियनकडे जाण्याची माझी वाट नाटकांवरून गेली. मराठी रंगभूमीचा त्या देशाशी जुना संबंध आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर आधारलेले होते, आणि अनंत काणेकरांचे 'घरकुल' हे इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस'चे रूपांतर. मूळ नाव काय आहे म्हणून पाहिले, तर ते 'एत दुकेयेम' निघाले. 'दुके' म्हणजे बाहुली आणि 'येम' म्हणजे घर; विटामातीचे नव्हे, आपण 'घरी जातो' म्हणतो तेव्हाचे घर. हा तृतीया किंवा षष्ठी जोडून केलेला शब्दसमूह नव्हे, एकसंध समास आहे. तो कसा उच्चारायचा, हे शोधता शोधता कोश, व्याकरणे आणि नॉर्वेच्या नभोवाणीचे कार्यक्रम यांत माझी बरीच वर्षे गेली. सुदैवाने आइनार हाउगेन या अमेरिकेत वाढलेल्या नॉर्वेजियन वंशाच्या विद्वानाचा १९६५ चा नॉर्वेजियन-इंग्रजी कोश हाती आला. परक्या माणसाला उच्चार कळावा, हा त्या कोशाचा एक मुख्य हेतूच आहे.

एका दमात दोन शब्द

नॉर्वेजियन समासाचा पहिला नियम साधा आहे. समास जोडून लिहायचा, आणि बोलताना मुख्य आघात पहिल्या घटकावर द्यायचा. दुसऱ्या घटकावर दुय्यम आघात राहतो. तो दबतो, पण मरत नाही. 'स्तूर ब्यू' असे दोन शब्द सुटे, दोन आघातांनी म्हटले तर अर्थ होतो 'एखादे मोठे शहर'. हेच जोडून, 'स्तूर'वर जोर देऊन म्हटले की अर्थ होतो 'महानगर'. लहानसे गावही आपल्या पंचक्रोशीत मोठे असू शकते, पण ते महानगर नसते. फरक सगळा आघाताचा.

लिहिताना समास तोडला तर काय होते, याची उदाहरणे नॉर्वेत विनोदाने सांगितली जातात. 'लामेलोर' म्हणजे कोकराची मांडी, खाटकाच्या दुकानात मिळणारी. पाटी रंगवणाऱ्याने 'लामे' आणि 'लोर' यांच्यामध्ये जागा सोडली की अर्थ होतो 'लुळ्या मांड्या'. 'रॉइकफ्रित' म्हणजे धूम्रपानमुक्त. तोडून लिहिले तर 'बेलाशक ओढा' असा हुकूम होतो. शाळेत सभंग श्लेष शिकताना 'नवरी' आणि 'न वरी' ही जोडी आपण सर्वांनी पाहिली आहे. नॉर्वेजियन माणसाच्या दृष्टीने त्याच्या गल्लीतल्या पाट्या अशा श्लेषांनी भरलेल्या असतात, फक्त ते कवीने केलेले नसतात. म्हणून समास तोडून लिहिण्याच्या चुकीला तिथे स्वतंत्र नाव आहे, आणि वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात तिच्यावर नेमाने राग निघतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची वेळ आली की तोच प्रश्न छापखान्यात उभा राहतो. तिथला एक नियम सांगतो की, दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या ओळीत न्यावे. दुसरा नियम सांगतो की, समास असेल तर सांध्यावर तोडावे. 'बील' म्हणजे मोटार आणि 'ऊलिके' म्हणजे अपघात. 'बीलऊलिके' हा शब्द पहिल्या नियमाने तोडला तर ओळीच्या शेवटी 'बी' उरते, आणि 'बी' म्हणजे मधमाशी. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे क्षणभर मधमाशी येते. म्हणून सांध्यावरची तोडच योग्य ठरते. त्याहून गंमत 'नात्तोग'ची. 'नात्त' म्हणजे रात्र, 'तोग' म्हणजे रेल्वेगाडी. पहिल्याच्या शेवटी दोन 'त', दुसऱ्याच्या सुरुवातीला एक; मिळून तीन. पण एकच व्यंजन सलग तीनदा लिहायचे नाही, असा दंडक असल्याने एक 'त' गाळतात. हाच शब्द ओळीच्या टोकाला तोडावा लागला, तर गाळलेला 'त' परत येतो. सांधा जुळला की लपायचे आणि सुटला की प्रकट व्हायचे, असा त्याचा शिरस्ता.

लेखनातला हा एक 'त' लपून परत येतो, हे लक्षात ठेवावे. कारण पुढे जी मोठी गोष्ट सांगायची आहे, तिच्यात अक्षरेच्या अक्षरे लपली आहेत.

आघात पुढे का सरकला

समासाचा जोर पहिल्या घटकावरच का? याचे उत्तर शोधायला नॉर्वेतून बाहेर पडावे लागते, आणि वाट थेट आपल्या वेदपाठाच्या दाराशी येते.

वैदिक संस्कृतात उदात्त स्वर शब्दात कुठेही असू शकतो, आणि त्याच्या जागेवर अर्थ अवलंबून असतो. त्वष्ट्याच्या यज्ञाची कथा व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित आहे; पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच तिचा दाखला दिला आहे. 'इंद्रशत्रु' हा समास अंतोदात्त म्हटला तर तत्पुरुष होतो, म्हणजे इंद्राचा घात करणारा. पहिल्या पदाचा स्वर राखून म्हटला तर बहुव्रीही होतो, म्हणजे इंद्र ज्याचा घात करणारा आहे असा. यज्ञात स्वर चुकला आणि वर उलटला. समासात आघात कुठे, हा प्रश्न आपल्याकडे असा जिवावर बेतणारा मानला गेला.

एकोणिसाव्या शतकात याच स्वरांनी युरोपातले एक कोडे सोडवले. जर्मन, इंग्रजी, नॉर्वेजियन वगैरे भाषांच्या मूळ जर्मानिक भाषेत काही व्यंजने नियम सोडून बदललेली दिसत. संस्कृत 'पितृ' आणि 'भ्रातृ' या दोन्हींत 'त' आहे. पण जर्मनमध्ये एकाचे 'फाटर' होते आणि दुसऱ्याचे 'ब्रुडर'. एकाच 'त'च्या दोन वाटा का झाल्या? कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात उत्तर दिले. वैदिक उच्चारात 'पितृ'चा स्वर शेवटच्या अक्षरावर आहे, 'भ्रातृ'चा पहिल्यावर. जर्मानिक भाषेतही एकेकाळी आघात याच ठिकाणी होते. व्यंजने बदलली ती त्या आघातांच्या प्रभावाने. नंतर जर्मानिकने सगळे आघात उचलून शब्दाच्या पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवले. मूळ कारण पुसले गेले, परिणाम उरला. त्या कारणाचा पुरावा वेद मुखोद्गत करणाऱ्यांच्या परंपरेत हजारो मैलांवर जपलेला होता.

नॉर्वेजियन समासाचा पहिला घटक जोर का घेतो, याचे मूळ या स्थलांतरात आहे. आघात पहिल्या अक्षरावर कायमचा बसला आणि शब्दाचा मागचा भाग हळूहळू उपाशी पडला.

नॉर्वेच्या आग्नेय भागात ट्यून येथे सापडलेला एक शिलालेख आहे, साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचा. रूनलिपीतल्या या लेखात मृत धन्याला उद्देशून एक लांबलचक समास आला आहे. त्याचा अर्थ 'भाकरीचा राखणदार'. म्हणजे अन्नदाता, मालक. तो शब्द रूनांत कोरला गेला तेव्हा त्याची अक्षरे अजून भरघोस होती. याच कल्पनेचा दुसरा एक समास इंग्लंडात होता: 'ह्लाफ' म्हणजे भाकरी आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. तो झिजत झिजत एका अक्षराचा झाला, आणि आपण त्याला 'लॉर्ड' म्हणून ओळखतो. आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या किती साहेबांच्या नावामागे ही भाकरी लपलेली होती!

नॉर्वेतही हेच घडले. साधारण सहाव्या ते आठव्या शतकात तिथल्या भाषेने बिनआघाताची अक्षरे झपाट्याने गाळली. 'गास्तिझ' या दोन अक्षरी शब्दाचा 'गेस्त्र' झाला, एका अक्षराचा. आजचा नॉर्वेजियन 'येस्त', म्हणजे पाहुणा, त्याचाच वंशज. ज्या समासांत दुसऱ्या घटकाचा दुय्यम आघात टिकला, तिथे सांधा दिसत राहिला. जिथे तो गेला, तिथे समास विरघळला. 'ब्यर्गविन' म्हणजे डोंगराजवळचे कुरण. त्याचे आज 'बेर्गेन' झाले आहे. 'बेर्गहेइम्र' म्हणजे डोंगराजवळची वस्ती. तिचे ओस्लोजवळचे 'बॅरुम' झाले. नॉर्वे हे देशाचे नावही 'उत्तरेची वाट' अशा अर्थाचा झिजलेला समासच. आपल्या देऊळ-राऊळांची ही उत्तर ध्रुवाकडची भावंडे.

दोन सूर

आता मुख्य गोष्ट. नॉर्वेजियन भाषेच्या बहुतेक बोलींत आघात असलेला शब्द दोनपैकी एका सुरात म्हणावा लागतो. ओस्लोच्या परिसरात पहिला सूर खालून सुरू होऊन वर जातो. दुसरा वरून सुरू होतो, खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. पश्चिम किनाऱ्यावर चाली वेगळ्या, पण भेद तोच. लेखनात या सुरांना कोणतेही चिन्ह नाही.

'बॉनर' असा साधारण उच्चार होणारे दोन शब्द आहेत. पहिल्या सुरात म्हटला तर अर्थ 'शेतकरी लोक'. दुसऱ्या सुरात म्हटला तर 'घेवडे' या जातीची कडधान्ये. 'तांकेन' पहिल्या सुरात म्हणजे 'ती टाकी', दुसऱ्या सुरात म्हणजे 'तो विचार'. परदेशी माणूस हे सूर चुकवतो तेव्हा संदर्भामुळे निभावून जाते. पण ऐकणाऱ्याला तो परका आहे हे पहिल्याच वाक्यात कळते.

हे सूर आले कुठून? शेतकऱ्यांचा शब्द जुन्या भाषेत 'बॉन्द्र' असा एका अक्षराचा होता. शेवटच्या जोडाक्षरात नंतर एक स्वर घुसला आणि त्याची दोन अक्षरे झाली. कडधान्याचा शब्द मात्र पहिल्यापासूनच 'बाउनिर', दोन अक्षरांचा. आज दोघेही दोन अक्षरांचे, कानाला जवळजवळ सारखे; पण ज्याचे पूर्वी एक अक्षर होते तो पहिला सूर घेतो, ज्याची दोन होती तो दुसरा. 'हेस्त' म्हणजे घोडा. 'हेस्तेन' म्हणजे 'तो घोडा'; त्यातला 'एन' हा पूर्वी सुटा शब्द होता, घोडा एकाच अक्षराचा होता, म्हणून पहिला सूर. 'हेस्तर' म्हणजे 'घोडे'. हे अनेकवचन पूर्वीपासून दोन अक्षरी, म्हणून दुसरा सूर. हजार वर्षांपूर्वी त्या शब्दाला किती अक्षरे होती, याचा हिशेब आजचा शाळकरी मुलगा नकळत पण बिनचूक देतो.

त्याहून नवल त्रोन्हाइमच्या आसपासच्या बोलींत आहे. तिथे कित्येक शब्दांचा अंत्य स्वर गळाला. 'कास्ते', म्हणजे फेकणे, याचे नुसते 'कास्त' उरले. 'कास्त' हे नामही आहे: फेक. दोन्ही आता एकेक अक्षराचे. पण क्रियापद म्हणताना तिथला माणूस त्या एकाच अक्षरावर दोन अक्षरांची पूर्ण चाल बसवतो, आवाज लांबवून खाली आणतो. अक्षर गेले, त्याची चाल उरलेल्या अक्षराने अंगावर घेतली. 'अक्षर' म्हणजे जे क्षरत नाही ते, ही आपली व्युत्पत्ती मला इथे फार निराळ्या अर्थाने खरी वाटते.

समासांत हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. समास म्हटला की एकाहून अधिक अक्षरे आलीच. म्हणून स्टॉकहोमच्या स्वीडिश भाषेत जवळजवळ सगळे समास दुसरा सूर घेतात. पूर्व नॉर्वेत मात्र पहिला घटक आपला स्वभाव सोडत नाही. 'सोमर', म्हणजे उन्हाळा, हा स्वतः दुसऱ्या सुराचा. म्हणून 'सोमरफूल' हा समासही दुसऱ्या सुराचा. (हे आपले फूल नव्हे. 'फूल' म्हणजे पक्षी, आणि 'उन्हाळपाखरू' म्हणजे फुलपाखरू. योगायोगाने का होईना, फूल तिथेही डोकावते.) पहिला घटक एकाक्षरी असेल, तर सांध्यात काय आहे तेही पाहावे लागते. मध्ये 'ए' आला तर दुसऱ्या सुराकडे कल. 'बार्न' म्हणजे मूल आणि 'हागे' म्हणजे बाग यांचा 'बार्नेहागे', अर्थात बालवाडी, असा दुसऱ्या सुरात म्हणतात. मध्ये 'स' आला तर कल पहिल्या सुराकडे. बाकी कित्येक समासांचा सूर गावागणिक बदलतो आणि तो ऐकूनच शिकावा लागतो.

कागद कोपनहेगनचा, जीभ नॉर्वेची

हे सगळे लेखनात का उतरले नाही, याला राजकीय इतिहास आहे. सोळाव्या शतकापासून १८१४ पर्यंत नॉर्वेचा कारभार डेन्मार्ककडून चाले. बायबल डॅनिश, न्यायालय डॅनिश, शाळा डॅनिश. इब्सेनचे 'एत दुकेयेम'सुद्धा १८७९ साली छापले गेले कोपनहेगनमध्ये, आणि त्याचा पहिला प्रयोगही तिथेच झाला. डॅनिश भाषेत हे दोन सूर नाहीत. त्यांच्या जागी घशात दिलेला एक अटकाव आहे. नॉर्वेजियन माणूस कागदावरचे डॅनिश वाक्य वाचायचा, पण चाल स्वतःची लावायचा. पान परके आणि गळा घरचा, अशी ही तीनशे वर्षांची वहिवाट.

राजधानीच्या मुख्य नाट्यगृहात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नट प्रामुख्याने डॅनिश असत, आणि रंगमंचावरचा प्रतिष्ठित उच्चारही डॅनिश. १८५६ साली तरुण ब्यॉर्नसनच्या पुढाकाराने तिथे प्रेक्षागृहातून शिट्ट्या वाजवून याचा निषेध झाला. बेर्गेनमध्ये ओले बुल या व्हायोलिनवादकाने १८५० साली नॉर्वेजियन नाट्यगृह उघडले होते. इब्सेनने उमेदवारी केली ती तिथे. ही भांडणे व्याकरणाची नव्हती. आपल्या चालीत बोललेले वाक्य रंगमंचावर शोभते की नाही, एवढाच त्यांचा विषय होता.

याच काळात इवार ओसेन नावाचा एक माणूस नॉर्वेभर पायी हिंडत होता. जन्म १८१३, पश्चिमेकडच्या ओर्स्ता भागातल्या अल्पभूधारक घरात. विद्यापीठात तो गेला नाही. व्याकरणे आणि परभाषा स्वतःच शिकला. त्रोन्हाइमच्या विज्ञानसंस्थेने दिलेल्या वेतनावर १८४२ ते १८४६ या वर्षांत त्याने खेडोपाडी जाऊन बोली टिपल्या. १८४८ साली व्याकरण आणि १८५० साली सुमारे २५,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची; म्हणजे काळ तोच. ओसेनला वाचताना मला राजवाडे आठवतात. ते कागदांसाठी वणवण फिरले, हा शब्दांसाठी. राजवाड्यांनीही शब्द आणि नावे यांना इतिहासाचे साधन मानले होते.

ओसेनने बोलींच्या आधारे जी लेखनभाषा उभी केली, तिचे आजचे नाव 'न्यूनोर्स्क'. क्नूद क्नूदसेन या शिक्षकाने दुसरी वाट धरली: डॅनिश लेखन ठेवायचे आणि शिकलेल्या नॉर्वेजियन माणसाच्या उच्चाराप्रमाणे हळूहळू बदलायचे. त्यातून आजची 'बोकमोल' आली. १८८५ साली संसदेने दोन्हींना समान दर्जा दिला. १९०७ च्या सुधारणेत पुस्तकाचा डॅनिश 'बोग' लेखनातही 'बोक' झाला, कारण नॉर्वेजियन तोंडात तो तसाच होता. कागद जिभेच्या मागे असा पावलापावलाने येत राहिला. पण सुरापर्यंत तो आला नाही. योहान स्टोर्मसारख्या प्राध्यापकांनी १८७० च्या दशकात सुरांचे शास्त्रीय वर्णन केले. लिपीत मात्र त्यांना कोणी जागा दिली नाही. ओलुफ रीगने नॉर्वेतील शेतवाड्यांच्या नावांचा प्रचंड संग्रह केला, तो १८९७ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्यात मध्ययुगीन कागदपत्रांतल्या रूपांशेजारी त्या त्या गावचा चालू उच्चार नोंदवला आहे. शेतकऱ्याची जीभ तिथे दस्तऐवजाच्या मांडीला मांडी लावून बसली.

आघातांतही इतिहासाचे थर दिसतात. 'बेताले', म्हणजे पैसे चुकते करणे, या शब्दात जोर दुसऱ्या अक्षरावर आहे आणि सूर पहिला. हा घरचा शब्द नव्हे. उत्तर जर्मन व्यापाऱ्यांबरोबर तो आला. चौदाव्या शतकापासून बेर्गेनच्या बंदरात त्यांची मोठी वखार होती. पैसे मोजण्याचा शब्द सावकाराच्या भाषेतून यावा, हे ओघानेच आले. याउलट पूर्व नॉर्वेतले साधे लोक परका शब्द आला की आघात उचलून पहिल्या अक्षरावर ठेवतात. केळ्याला शिकलेला माणूस 'बनान' म्हणताना जोर शेवटी देतो; कष्टकरी वस्तीतला माणूस सुरुवातीला देतो. त्याला गावंढळ म्हणून हसले गेले. खरे तर जर्मानिकचा दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम तोच इमानाने पाळत होता.

आकड्यांची उलटापालट

समासाचा क्रम कायद्याने बदलता येतो का? नॉर्वेने तो प्रयोगही केला. पंचवीसला पूर्वी 'पाच-आणि-वीस' अशा क्रमाने म्हणत. टेलिफोन खात्याला हा क्रम अडचणीचा वाटला; आकडे ऐकून जोडणी करताना चुका होत. संसदेने निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा व सरकारी नभोवाणी 'वीस-पाच' म्हणू लागली. सत्तरहून अधिक वर्षे झाली. नवा क्रम रूढ झाला. तरी जुना अजून घराघरांत ऐकू येतो, आणि एकच माणूस कधी हा तर कधी तो क्रम वापरतो.

२०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आले, तेव्हा उठलेला वाद वाचकांना आठवत असेल. तो विधानसभेपर्यंत गेला. मुलांना जोडाक्षरांचे आकडे अवघड जातात, ही पुस्तक करणाऱ्यांची अडचण खरी होती. पण दोन्हीकडच्या परिस्थितीत एक फरक आहे. नॉर्वेजियन समासाचा सांधा उघडा होता. घटकांची फक्त अदलाबदल करायची होती. आपले आकडे 'दिवाळी'सारखे विरघळलेले आहेत. 'एकोणीस' म्हणजे 'एकाने उणे वीस', हे कोणत्या मुलाला शब्दावरून कळेल? तिथे अदलाबदल पुरत नाही, आकडा नव्याने जुळवावा लागतो. म्हणून नॉर्वेचा दाखला देताना दोन्ही बाजूंनी जरा जपून द्यावा.

जिभेवरचे दफ्तर

एवढे सूर, एवढे आघात, गावागणिक फरक. तरी ते टिकले कसे? १८७८ साली नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की, प्राथमिक शाळेत मुलांना शक्य तितके त्यांच्याच बोलभाषेत शिकवावे. लेखन प्रमाण असेल, पण मुलाचे बोलणे सुधारायचे नाही. आज तिथले खासदार, प्राध्यापक, बातमीदार आपापल्या बोलीत बोलतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्रोन्हाइमकडचे 'कास्त' आपली दोन अक्षरांची चाल घेऊन जिवंत आहे ते यामुळे. एखाद्या मास्तराने 'नीट बोल' म्हणून ती चाल दोन-तीन पिढ्या दाबली असती, तर हजार वर्षांचा पुरावा निमूटपणे गेला असता. गेला हे कळलेही नसते, कारण तो कागदावर कधी नव्हताच.

इतिहासाच्या अभ्यासकाला दफ्तर जळाल्याचे दुःख कळते. वाळवी लागलेले रुमाल पाहून आपण हळहळतो. पण जिभेवरच्या दफ्तराला वाळवी लागते ती वर्गात पिकलेल्या हशाने. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणारे मूल शहरातल्या शाळेत पहिल्या दिवशी तोंड उघडते आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प बसते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच्या हेलात कोणत्या झिजलेल्या अक्षरांचा हिशेब आहे, कोणता जुना सांधा आहे, याची मोजणी व्हायची आहे. ती होईपर्यंत तो हेल टिकला पाहिजे. नॉर्वेच्या अभ्यासकांना सुरांचे शास्त्र मांडता आले, कारण ते शोधायला निघाले तेव्हा बोलणारे बोलत होते.